टीव्ही कुणी बंद केला

टीव्ही मेला तेव्हा करिश्माला मनातून बरं वाटलं. असं उघड बोलायची सोय नव्हती. नवरा जाऊन वर्ष झालेल्या बाईनं कशाचं बरं वाटून घ्यावं आणि कशाचं नाही, हे गावानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. पण टीव्हीच्या खालच्या कडेला जो लाल ठिपका वर्षभर जळत होता, तो एका सकाळी दिसेना, आणि करिश्मानं किती दिवसांनी छातीभर श्वास घेतला. त्याच वेळी तिची सासू धुरपदाबाई टीव्हीसमोर उभी राहून कपाळावर हात मारत होती.

"दिवा गेला गं," ती म्हणाली. "माझ्या लेकाचा दिवा गेला."

ह्या दिव्याची हकिकत आधी सांगायला हवी, नाहीतर सासू खुळी वाटेल आणि ती तशी मुळीच नाही. धुरपदाबाई म्हणजे आडतीवर जाऊन मापात मारणाऱ्या हमालाला चार माणसांत उघडं पाडणारी बाई. पाच एकर रान तिनं नवऱ्यापेक्षा जास्त राबवलं. तिचा नवरा ज्ञानोबा स्वतःच सांगायचा, की आमच्या घरात दोन बैल आणि एक मालकीण, मी आपला राखणीला. तर अशा बाईचा एकुलता एक मुलगा रणधीर मागच्या कार्तिकात सोयाबीनसाठी बारदाना आणायला म्हणून मोटारसायकलवर निघाला आणि अंधारात, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून जाऊन आदळला. वयाची बत्तीस वर्षंही पुरी न केलेला गडी, जागच्या जागी गेला. धुरपदाबाई तेव्हा रानात होती. तिला निरोप पोचला आणि ती अनवाणी पळत आली, तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं.

मयताच्या घरात टीव्ही लावत नाहीत. तेरावं होईपर्यंत तर नाहीच, आणि माणूस असा उमेदीत गेला असेल तर वर्षभर नाही. शेजारपाजारचे कान त्यावरच असतात. रणधीरच्या घरातला टीव्हीही बंद होता, फक्त त्याचा तो लाल ठिपका जळत होता. तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या बायकांपैकी एकीचं तिकडं लक्ष गेलं. "भिंतीवरचं बटण तरी बंद करा की वो," ती म्हणाली आणि उठली.

"हात लावू नगा!" धुरपदाबाई ओरडली. तिचा आवाज त्या दिवसांत बसलेला होता, पण तेवढा शब्द खणखणीत निघाला. "माझ्या लेकानं बंद केलाय त्यो जाताना. त्याच्या हातचं शेवटचं काम हाय ते."

तिला तसं वाटणं साहजिक होतं. रणधीरची ती खोडच होती. घरातून पाय काढताना आधी टीव्ही बंद करायचा. "भिंतीला ऐकवताव का?" म्हणायचा. दोघी-तिघी बायकांनी पदर डोळ्याला लावला, आणि त्या घोळक्यात डोक्यावरून पदर ओढून बसलेल्या करिश्माच्या अंगावर काटा आला.

कारण टीव्ही रणधीरनं बंद केला नव्हता. तिनं केला होता.

त्या संध्याकाळी ती आत चुलीपुढं भाकरी थापत होती. समोरच्या खोलीत टीव्हीवर मालिका चालू होती. बघत कुठली, ऐकत होती. आतपर्यंत ऐकू यावी म्हणून आवाज मोठा ठेवलेला. रणधीर दारात पायात चपला घालता घालता काहीतरी बोलला. टीव्ही मधे, तो पलीकडच्या टोकाला, ही अलीकडच्या. तिला नुसता त्याचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. "काय म्हणालाव?" असं विचारायला उठावं लागलं असतं, तव्यावर भाकरी होती. ती न वळताच "हां" म्हणाली. पुढं तासाभरात फोन वाजला, समोरचा माणूस काय सांगतोय ते टीव्हीच्या कालव्यात कळेना, म्हणून तिनं पिठाच्या हातानं रिमोट उचलला आणि लाल बटण दाबलं. मग तिला ऐकू आलं.

हे तिसऱ्या दिवशी बायकांच्या घोळक्यात कसं सांगणार? नवरा मरायला निघाला आणि ही सिरियल ऐकत बसली होती, एवढंच त्यातून उरलं असतं, आणि तेवढंच गावभर फिरलं असतं. ती गप्प बसली. नंतर सांगू, मनाशी म्हणाली. नंतर म्हणजे कधी? चार दिवसांनी धुरपदाबाई संध्याकाळी देवापुढं निरांजन लावून झाल्यावर टीव्हीकडे वळली आणि त्या ठिपक्याला हात जोडून उभी राहिली. मग तर सांगायची वाटच बंद झाली.

वर्षभर हे असं चाललं. वाडीतली लाईट म्हणजे आता आहे, आता नाही. लाईट गेली, की धुरपदाबाईचा जीव घरात रमायचा नाही. आली, की ती हातातलं काम टाकून आधी टीव्हीकडे बघायची. "आला गं आला," म्हणायची, आणि तिच्या तोंडावर जे यायचं त्याला हसू म्हणायचं की काय म्हणायचं, हे करिश्माला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. करिश्मा आणि तिची सहा वर्षांची राजनंदिनी त्याच खोलीत झोपायच्या. डोळा उघडला की समोर तो लाल ठिपका. सासूला तो दिवा होता. सुनेला तो आपल्याकडं रोखून बघणारा डोळा वाटायचा. तू वळली नाहीस, असं तो रोज म्हणायचा आणि ती रोज कूस बदलायची.

वर्षश्राद्ध झालं. माहेरच्या ईट गावाहून करिश्माचा भाऊ बहिणीला साडी आणि दोघा म्हाताऱ्यांना कपडे घेऊन आला, गोडाधोडाचं जेवण झालं, दुखवटा निघाला. ज्ञानोबानं रिमोट हातात घेतला. "लावा आता. लेकरू कार्टून बगायला रोज दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसतंय, बरं दिसतंय का ते?" धुरपदाबाईनं त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि लुगड्यांच्या खाली ट्रंकेत टाकला. आणि मग थोड्याच दिवसांत तो ठिपका आपला आपण विझला.

वायरमनला बोलावून झालं, बटण बदलून झालं. ज्ञानोबा म्हणाला, नवा घेऊ. "नवा कशाला? नव्यात त्याचा हात हाय का?" धुरपदाबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सासूसुना वाकळीत गुंडाळलेला टीव्ही दोन्हीकडून धरून कळंबच्या एसटीत चढल्या.

"पेशंट कोण हाय आत?" कंडक्टर म्हणाला. सगळी गाडी हसली. धुरपदाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं पुढचा विनोद गिळला आणि टीव्ही ठेवायला मागचं बाक रिकामं करून दिलं.

करिश्मा खिडकीतून बाहेर बघत होती. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस तोडायला आलेला. तिच्या मनात एकच होतं: टीव्ही दुरुस्त होऊ नये. मेकॅनिकनं उघडावा, बघावा आणि म्हणावं, संपलाय. म्हणजे सासू चार दिवस रडेल, आणि मग दोघींची सुटका होईल. आपण असं मागतोय ह्याची तिला लाज वाटत होती. तरी ती मागत होतीच.

चाँदपाशाचं दुकान स्टँडच्या मागच्या बाजूला होतं. दुकान कसलं, बोळच तो. पुढं दार आणि दाराला एक पायरी, आणि आत लांबच लांब खोली, तिच्या दोन्ही अंगांना पोटं उघडलेले टीव्ही. मधे त्याचं टेबल. साठी उलटलेला माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पूर्वी गावोगाव फिरून घरांवर अँटेना बसवायचा, त्यामुळं ह्या तालुक्यातली निम्मी छपरं त्याला माणसांच्या आधी आठवायची.

"वाडीतलं, विहिरीजवळचं माळवद," तो धुरपदाबाईला बघून म्हणाला. "व्हय ना अक्का? मी वर चढलो अन् तुमी खालून ओरडत होताव, माळवद खचंल म्हणून."

"खचलं न्हाय ते. बाकी सगळं खचलं," धुरपदाबाई म्हणाली आणि स्टुलावर बसली. तिनं सगळं सांगितलं. लेक, ट्रॉली, आणि दिवा. चाँदपाशा ऐकता ऐकता मागचे स्क्रू काढत होता. ट्रॉलीशी आल्यावर त्याचा हात थांबला.

"एवढासा दिवा असतोय बगा," धुरपदाबाई बोटाचं पेर दाखवत म्हणाली. "त्या ट्रॉलीला मागं एवढासा असता, तर माझं लेकरू घरी आलं असतं."

चाँदपाशानं मान हलवली. मग त्यानं मागचं झाकण उचललं. आत सगळी धूळ आणि पालीची दोन अंडी. ब्रशनं त्यानं सगळं झाडलं, डाव्या बाजूची सर्किटची पट्टी मोकळी केली आणि मीटरच्या सुया इथं तिथं टेकवायला लागला. करिश्मा टेबलाच्या पलीकडं, दुकानाच्या आतल्या टोकाला उभी होती. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का बघत होती.

"फ्यूज चांगलाय. इथवर लाईट येतीया," तो स्वतःशीच बोलावं तसं बोलत होता. "पुढं जाईना. हां. ह्यो बगा, ह्यो." त्यानं चिमट्यानं शेंगदाण्याएवढं काळं नळकांडं दाखवलं. त्याचं डोकं फुगलं होतं. "ह्यो कंडेन्सर वाळला. आतलं पाणी आटलं. बाकी टीव्हीला काय झालेलं न्हाय."

म्हणजे हा दुरुस्त होणार, करिश्माच्या मनात आलं.

"कशानं वाळला?" धुरपदाबाईनं विचारलं.

"बटण कितीक दिवस चालूच होतं?"

"वर्षभर. कुणाला हात लावू दिला न्हाय म्या."

"तेच. रिमोटनं बंद केला म्हणजे टीव्ही झोपत न्हाय अक्का, नुसत्या डुलक्या घेतो. आतून ह्येला जागंच ऱ्हावं लागतं. रातंदिवस जागून वाळला बिचारा. भिंतीवरचं बटण बंद ठेवलं असतं, तर अजून कैक वर्षं गेला असता."

धुरपदाबाईनं त्या फुगलेल्या नळकांड्याकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मीच मारला म्हणा की."

"तसं न्हाय म्हणलो मी," चाँदपाशा घाईनं म्हणाला. आपल्या जिभेचा त्याला रागच आला असावा, कारण पुढं तो काही न बोलता कामाला लागला. सोल्डरची गन तापली, धुराची बारीक रेघ निघाली, वाळलेलं नळकांडं टेबलावर पडलं आणि त्याच्या जागी नवं बसलं. "हात लावू नगं हं पोरी," पट्टीवरून बोट फिरवू बघणाऱ्या करिश्माला तो म्हणाला. "बंद असला तरी मारतोय ह्यो." तिनं हात मागं घेतला.

मग त्यानं टेबलाखालून एक लाकडी फळी काढली. तिच्यावर एक साधा पिवळा बल्ब बसवलेला.

"हे कशाला?" धुरपदाबाईनं विचारलं.

"आधी ह्याच्यातून लाईट देतो टीव्हीला. आत कुठं शॉर्ट असंल, तर बल्ब भगभग पेटतोय अन् तसाच ऱ्हातोय. मग समजायचं, टीव्ही कामातून गेला. एकदा पेटून बारीक झाला, तर बरं."

पेटू दे, करिश्मा मनात म्हणाली. पेटू दे आणि तसाच राहू दे. देवाजवळ आजवर तिनं पाऊस मागितला होता, मुलगा मागितला होता, त्या फोनच्या रात्री नवरा मागितला होता. जळका टीव्ही मागायची वेळ येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. चाँदपाशानं बटण दाबलं. बल्ब भक्कन पेटला. पाहता पाहता तो बारीक झाला, आतल्या तारेपुरता उरला, आणि टीव्हीच्या खालच्या कडेला लाल ठिपका उमटला.

"आला!" धुरपदाबाई स्टुलावरून उठली. "आला गं! बग, आला!" तिनं तिथंच, त्या स्क्रूच्या आणि तारांच्या पसाऱ्यापुढं, हात जोडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "लई उपकार झाले चाँदभाई. आता झाकण लावा त्येला अन् बांधून द्या."

"थांबा की अक्का. अजून चालू कुठं केलाय?"

"चालू करायचा न्हाय."

चाँदपाशाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "चालू केल्याबगर कळणार कसं? ह्यो नुसता दिव्यापुरता करंट झाला. पडदा पेटला, आवाज निघाला की खरा भार येतोय. तवा टिकला तर टिकला. तसाच नेताव, अन् घरी जाऊन भुस्सकन धूर निघाला, तर? चाँदपाशानं अर्धं काम दिलं म्हणतील लोकं. मी आजवर चालवून दाखवल्याबगर माल दिला न्हाय."

"आमाला चालवायचाच न्हाय. माझ्या लेकानं बंद केलाय. दुसऱ्याच्या हातानं चालू झाला अन् दुसऱ्याच्या हातानं बंद झाला, तर मग त्यात त्याचं काय ऱ्हायलं?"

"अन् परत ठिपका गेला, तर? परत वाकळ घेऊन येणार?"

"यीन."

"न्हाय अक्का. असा मी देणार न्हाय."

"मग उघडा टीव्ही हाय तसा द्या. मी नेते उचलून."

दोघंही हट्टाला पेटली. चाँदपाशा चष्मा काढून पुसायला लागला, धुरपदाबाईनं वाकळ ओढली. करिश्मा आतल्या टोकाला उभी राहून त्या लाल ठिपक्याकडं बघत होती. आता हा परत घरी येणार. परत सासू हात जोडणार. ही बाई अजून म्हातारी होणार, अंथरुणाला खिळणार, तरी तिकडंच तोंड करून पडणार, आणि मी कूस बदलत राहणार. एका म्हातारीची पूजा वर्षभर माझ्या पिठाच्या हाताला चाललीय. सांगितलं तर तिचा दिवा जाईल. नाही सांगितलं तर मी जाईन. तिनं टेबलाची कड धरली.

"आत्या," ती म्हणाली. "त्यांनी न्हाय बंद केला."

धुरपदाबाईनं मान वळवली.

"टीव्ही त्यांनी बंद केला न्हाय. म्या केला. फोन आला तवा. ते गेले तवा चालूच होता."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. चाँदपाशा चष्मा हातात धरून जागीच थांबला. आपण बाहेर जावं की काय, असं त्याच्या मनात आलं असावं, पण जायचं तर धुरपदाबाईला ओलांडून जावं लागलं असतं.

"तू केलास," धुरपदाबाई म्हणाली.

"व्हय."

"अन् वर्षभर मला हात जोडू दिलेस."

करिश्मा रडत होती. वर्षभर ती चारचौघांत, रीतीप्रमाणं, वेळेवर रडली होती. हे रडणं तसलं नव्हतं. ह्यात नाकातून पाणी येत होतं आणि तिला पदर सापडत नव्हता.

धुरपदाबाई हळूच स्टुलावर बसली. ती ओरडेल, झिंज्या धरेल, माहेरचा उद्धार करेल, असं करिश्माला वाटत होतं आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. सासू बराच वेळ आपल्या तळहातांकडं बघत राहिली. मग तिनं जे विचारलं, त्याचीच करिश्माला वर्षभर भीती होती.

"म्हणजे तू घरात होतीस. त्यो निघाला तवा."

"व्हय. भाकरी करत होते."

"मग जाताना काय म्हणला गं त्यो?" धुरपदाबाईचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला. "मी रानात होते. मला काय सांगून गेला न्हाय. तुला काय म्हणला?"

"मला ऐकू न्हाय आलं, आत्या."

"ऐकू न्हाय आलं म्हणजे?"

"टीव्ही मोठ्यानं लावलेला होता. ते दारातून काहीतरी बोलले. मी आत होते. आवाज आला, पण बोलणं कळलं न्हाय. अन् म्या इचारलं न्हाय. एकदा उठून इचारलं असतं, तर कळलं असतं. म्या उठले न्हाय."

आता सासूजवळ काहीच उरलं नाही, हे करिश्माला कळत होतं. लाल दिवाही नाही आणि शेवटचा शब्दही नाही. दोन्ही आपणच घालवले.

धुरपदाबाई चाँदपाशाकडं वळली. "लावा," ती म्हणाली.

"अक्का?"

"लावा टीव्ही. मला बगायचंय."

चाँदपाशानं दुकानातल्या डिशची वायर मागं जोडली आणि बाजूचं बटण दाबलं. पडदा आधी निळा झाला आणि मग टीव्ही जो बोंबलला, तो इतका की शेजारच्या दुकानातून कुणीतरी डोकावलं. कसल्याशा साबणाची जाहिरात चालली होती. चाँदपाशानं आवाज कमी करायला हात पुढं केला.

"नगा," धुरपदाबाई म्हणाली. "एवढाच होता का गं?"

करिश्मानं मान हलवली. तेवढाच होता. तिनं त्या संध्याकाळी ठेवलेला आवाज टीव्हीनं जसाच्या तसा राखून ठेवला होता.

धुरपदाबाई उठली. दाराकडं गेली, पायरीवर काढलेल्या चपलांत तिनं पाय घातले आणि दारात उभी राहून आत वळली. मधे टीव्ही गर्जत होता. पलीकडं, बाहेरच्या उजेडात सासू, आणि अलीकडं, आतल्या टोकाला सून. सासूचे ओठ हलले. थांबले. परत हलले. करिश्मानं सगळा जीव कानात आणला, पण साबणाच्या गाण्याशिवाय काही येईना.

"आलं का ऐकू?" हे मात्र धुरपदाबाईनं हात हलवून, ओरडून विचारलं. चाँदपाशा तोवर तिच्याजवळ दाराशी जाऊन उभा राहिला होता.

"न्हाय," करिश्मा ओरडली. "न्हाय आलं!"

"न्हायच येत," धुरपदाबाई चाँदपाशाला म्हणाली, पण करिश्माला ते तिच्या तोंडावरून कळलं. मग ती टीव्हीपर्यंत आत आली आणि सुनेला म्हणाली, "येतो म्हणला असंल गं. घरातून निघताना माणूस दुसरं काय म्हणतंय? म्याबी आता तेच म्हणले."

करिश्मानं हाताच्या पाठीनं नाक पुसलं.

"अन् तू? तू काय म्हणलीस?"

"हां म्हणले."

"वळून?"

"न्हाय. भाकरी थापत होते. पाठमोरीच म्हणले."

"मग म्हण," धुरपदाबाई म्हणाली आणि चपला वाजवत परत दारात जाऊन उभी राहिली आणि तिथून ओरडली, "हो पाठमोरी. तवा म्हणलीस तेवढ्याच आवाजात म्हण."

करिश्मा भिंतीकडं वळली. भिंतीवर जुन्या वर्षाचं कॅलेंडर आणि खिळ्याला अडकवलेल्या वायरी होत्या. तिनं तोंड उघडलं. मागं टीव्हीवर आता बातम्या सुरू झाल्या होत्या. तिला रणधीरच्या चपलांचा आवाज आठवला, एका पायावर उभं राहून चपलेचा पट्टा ओढायची त्याची तऱ्हा आठवली. 'हां' म्हणायला किती लागतं? वर्षभर ती हा एक शब्द जिथं तिथं टाळत आली होती. कुणी हाक मारली तर "जी" म्हणायची, "आले" म्हणायची. तिनं ओठ हलवले, छातीत हवा भरली.

"आलं!" दारातून धुरपदाबाई ओरडली. "आलं गं पोरी! इथवर आलं ऐकू!"

करिश्मा वळली. सासू चपलेसकट आत येत होती, लगबगीनं, टेबलावरच्या पसाऱ्याला अडखळत. "त्यालाबी आलं असंल मग. ऐकूनच गेला बग त्यो. इचार पायजे तर ह्यास्नी, इथंच हुते की." तिनं चाँदपाशाकडं बघितलं.

चाँदपाशानं एकदा तिच्याकडं आणि एकदा करिश्माकडं बघितलं. चालवून दाखवल्याशिवाय माल न देणारा माणूस तो.

"आलं, बेटा," तो म्हणाला. "साफ आलं."

आणि मग त्यानं तोंड फिरवलं आणि टीव्हीचा आवाज कमी करायला लागला. धुरपदाबाईनं सुनेला जवळ ओढलं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं, आणि दोघी त्या बोळात उभ्या राहून रडल्या. करिश्मानं सासूला घट्ट धरलं. तिनं त्या दोघांना काही सांगितलं नाही. तिच्या घशातून आवाज फुटलाच नव्हता.